गव्हावाचून गोडधोड : पातूरच्या पायथ्याची हकीकत

अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता पातूरपर्यंत काळ्या मातीतून येतो आणि पातूर मागे पडले न पडले तोच घाट चढू लागतो. जुन्या कारभारात ज्या दोन मुलखांना पाईनघाट आणि बालाघाट अशी नावे होती, त्या दोहोंचा सांधा या कसब्यापाशी आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेली कापसा-ज्वारीची सपाटी आणि वर खडकाळ माळ व पानझडीचे रान, अशा दोन भिन्न प्रकृतींच्या भूमी येथे एकमेकींना भिडतात. गावही तसेच अनेक थरांचे आहे. टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी, दुसऱ्या टेकडीवर रेणुकामाता, आणि गावात शेख अब्दुल अझीझ ऊर्फ शेखबाबू यांचा दर्गा. हे सत्पुरुष १३७८ साली दिल्लीहून येथे आले आणि अकरा वर्षांनी येथेच निवर्तले अशी नोंद आहे. त्यांच्या नावावरून मोगल अमदानीतील दफ्तरात नरनाळा सरकारातील हा परगणा ‘पातूर शेखबाबू’ म्हणून लिहिला जाई, आणि १६०६-०७ मध्ये दर्ग्याची दुरुस्ती खुद्द अब्दुर्रहीम खानखानान याने करविल्याचा शिलालेख दरवाजावर आहे. लढायांचा इतिहास हवा असेल त्याने येथून बाळापुरास किंवा अडगावास जावे. परंतु या मुलखातील मनुष्य पोटासाठी काय खात आला, आणि विशेषतः जिभेसाठी गोड म्हणून काय खात आला, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला पातूरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

हा विषय आताच काढावयाचे कारण असे की, शहरांतील सुस्थित घरांतून सध्या दोन पथ्यांचा फार बोलबाला आहे. गव्हात ग्लुटेन नावाचा जो चिवट अंश असतो तो वर्ज्य करावा, हे एक. आणि शेतीचा शोध लागण्यापूर्वी मनुष्य जे खात असे तेवढेच खावे, हे ‘पॅलिओ’ या नावाने चालणारे दुसरे. दोन्ही पथ्ये सांभाळणारी मंडळी गव्हावाचून केलेली मिष्टान्ने मोठ्या कौतुकाने आणि मोठ्या किमतीला विकत घेतात. वऱ्हाडच्या सामान्य कुणब्याला हे सांगितले असते तर त्याला त्यात नवल वाटण्याजोगे काही दिसले नसते. कारण गव्हावाचून गोड करणे हीच त्याच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, आणि ती त्याने तत्त्व म्हणून स्वीकारलेली नसून गहू परवडत नसल्यामुळे पत्करलेली होती.

वऱ्हाडात गहू पिकत नव्हता असे मुळीच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बीचा बन्सी गहू चांगला येई. परंतु तो बाजाराचा, सावकाराच्या कोठाराचा आणि सणाचा गहू होता. पोळ्याची पुरणपोळी गव्हाची, नवस फेडताना गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे गव्हाचे. पण खळ्यावर बलुतेदाराच्या पदरात पडे ती ज्वारी, सालदाराशी सालाचा करार ठरे तो ज्वारीच्या मणांत, आणि रात्री चुलीपुढे बसून जी खाल्ली जाई ती ज्वारीची भाकर. पोळी ही पाहुण्याची व देवाची, भाकर ही घरची, ही श्रेणी इतकी पक्की होती की एखाद्या घरी आडदिवशी पोळ्या लाटल्या जात असल्याचे कळले तर शेजारी त्याचे कारण विचारीत.

या भेदाचे पर्यवसान स्वयंपाकाच्या तंत्रात कसे झाले, हे पाहण्याजोगे आहे. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले असता पिठूळ अंश निघून जाऊन हातात रबरासारखा चिवट भाग उरतो. इटलीतील बोलोन्याचा पंडित बेक्कारी याने १७२८ मध्ये हाच प्रयोग करून तो अंश वेगळा काढला. कणीक ताणली जाते, पोळी पातळ लाटता येते, पुरण आत कोंडून राहते, ते सारे या अंशाच्या बळावर. ज्वारीच्या पिठात तो नाही. म्हणून भाकरीच्या पिठात आधणाचे पाणी घालावे लागते, ते तळहाताने रगडून रगडून मळावे लागते, आणि लाटण्याऐवजी परातीत थापावे लागते. तरीही थापणारीचा हात जरा चुकला की कडेला चिरा पडतात. अशा पिठाची करंजी होत नाही, सांजोरी होत नाही, पुरणपोळीचे तर नावच नको. मग ज्या घरांत गहू नाही त्या घरांतील गोडधोड कशाच्या आधाराने उभे राहावयाचे? ते पाकाच्या आधाराने उभे राहिले. या मुलखातील गरिबांची मिठाई पाहू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार डोळ्यांत भरते: रेवडी, तिळाचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, डिंकाचा लाडू, या सर्वांत चिकटविण्याचे काम गुळाचा वा साखरेचा पाक करतो, क्वचित डिंक किंवा तूप करते, पिठाकडे ते काम कधी जातच नाही. गव्हाचा चिवटपणा नसल्याची भरपाई कढईतल्या तारेने केली, असे या मिठाईच्या शास्त्राचे सूत्र आहे.

पातूरच्या जत्रेचा उल्लेख इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात आढळतो; माघाच्या सुमारास भरणारी हिंदूंची जत्रा महिन्याहून अधिक काळ चाले आणि दर्ग्याचा उरूस तीन दिवसांचा असे. जत्रा आणि उरूस यांची दैवते निराळी, पण हलवायाची पाले तीच आणि त्यांतील मालही तोच. रेवड्या, बत्तासे, साखरफुटाणे, बेसनाची गोडी शेव, चिक्की: यांपैकी एकाही वस्तूत गव्हाचा कण नाही, आणि ती गोष्ट त्या काळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. रेवडी करणारा गडी पाक कढवून तो तुपाचा हात फिरविलेल्या परातीत ओततो. हाताला सोसेल इतपत निवला की त्याचा जाड दोर करून भिंतीतल्या खुंटीला अडकवितो, ओढून लांबवितो, दुमडून पुन्हा अडकवितो, आणि काळसर असलेला तो पाक आतमध्ये हवा शिरत गेल्याने हळूहळू पिवळट व शेवटी मोत्यासारखा पांढरा होईपर्यंत हा क्रम थांबवीत नाही. मग त्याचे भराभर तुकडे पाडून गरम तिळांत लोळवावे लागतात, कारण पाक एकदा आळला की तीळ त्याला धरीत नाहीत. हिवाळ्यात हुरड्याच्या आगटीभोवती माणसे बसली म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या कणसांबरोबर याच रेवड्या खावयाच्या, ही वऱ्हाडी रसिकता. तिच्यापुढे पुष्कळशी बंगाली मिठाई मला फिकी वाटते, आणि यात प्रांताभिमानाचा अंश असेल तर तो मला मान्य आहे.

ज्वारीचे स्वतःचे गोडही होतेच. नागपंचमीला भडभुंजाच्या तापल्या वाळूत ज्वारीच्या लाह्या फुटत. त्या दळून केलेले लाह्यांचे पीठ दूध-गुळात कालविले की आजारी मनुष्यापासून लहान मुलापर्यंत सर्वांस चाले. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात पुरणपोळीच्या शेजारी ज्वारीच्या पिठाची आंबील असल्यावाचून वऱ्हाडात ते ताट पुरे होत नाही. म्हणजे देवीला गव्हाचा मान आणि ज्वारीचा हक्क, दोन्ही एकाच पानात पोचवावे लागतात. कण्या शिजवून त्यांत गूळ घालणे ही तर इतकी साधी गोष्ट की तिची कोठे नोंद व्हावी असे कोणाला वाटले नाही.

येथवर घाटाखालची कथा झाली. घाटावरच्या रानाची कथा अधिक जुनी आहे.

या रानांतून बिब्याची झाडे आहेत. बिब्याचे फळ दोन भागांचे असते: वर नारिंगी, गोडसर, मांसल बोंड, जे वाळवून खातात, आणि त्याच्या टोकाला काळे, हृदयाकृती, कठीण बी. या बियांच्या कवचात जे काळे तेल असते ते कातडीला लागले की फोड येतात, त्याला ‘बिबा उतणे’ म्हणतात; परिटाने कपड्यावर केलेली न धुतली जाणारी खूण याच तेलाची. परंतु त्या जहाल कवचाच्या आत एक पांढरी, चपटी, बदामासारख्या चवीची गोडंबी दडलेली असते, आणि वऱ्हाडात बाळंतिणीचा लाडू गोडंबीवाचून होत नाही. ती काढण्याचे काम अकोला-वाशीमच्या या पट्ट्यात गरीब घरांतील बायका करीत आल्या आहेत. वाळलेला बिबा दगडावर उभा धरावयाचा, हातांना राख फासलेली असावयाची, आणि दुसऱ्या हातातल्या दगडाने अशा बेताने ठोका मारावयाचा की कवच दुभंगेल पण आतली गोडंबी अखंड निघेल. ठोका हलका पडला तर पुन्हा मारावा लागतो आणि तेल उडते. जोरात पडला तर गोडंबीचा चुरा होतो व तिचा भाव पडतो. दिवसभर हे केलेल्या बाईची बोटे काळी पडलेली असतात, मनगटावर, कधी गालावर उडालेल्या थेंबांचे व्रण असतात, आणि उतलेल्या जागी तीळ-खोबऱ्याचा लेप लावून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दगडापुढे बसते. डिंकाच्या लाडवातील गोडंबी दाताखाली आली असता या हातांची आठवण किती जणांना होते, हे सांगणे कठीण आहे.

त्या लाडवाचीच घडण पाहा. डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा, रानातून गोळा करून आणलेला, तुपात सोडला की लाहीसारखा फुलणारा, गोडंबी आणि चारोळी याच रानातली, खारीक अरबस्तानाकडची, खोबरे समुद्रकाठचे, आणि ही दोन्ही बंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून घाट चढून-उतरून, वाटेत सायर म्हणजे जकात भरीत, पेठेत पोचलेली, गूळ बागायतीचा, तूप घरचे. गव्हाची कणीक त्यात घालणारे घालतात, पण ती भर म्हणून. रान, समुद्र आणि गोठा यांचा असा मेळ पातूरसारख्या घाटाखालच्या बाजारातच सहज बसे, कारण रानाची जिन्नस आणि पेठेची जिन्नस येथे एकाच दिवशी एकाच ओट्यावर येत.

अकोल्याच्या उत्तरेस, नरनाळ्यापलीकडच्या मेळघाटात कोरकूंचे मोहाचे फूल हे तर गुळालाही पर्याय होते. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली पडलेली रसरशीत फुले वेचून वाळवितात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती उकडून, भाजून, कुटून, तिळाबरोबर लाडू करून वर्षभर पुरवितात. सरकारला मात्र मोहात दारूच दिसली. मुंबई इलाख्यात १८९२ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांपुरता मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदाच झाला. वनवासी जे अन्न म्हणून साठवितो ते अबकारी खाते गुन्ह्याचे साधन म्हणून मोजते, हा विपर्यास पुढे स्वराज्यातही दीर्घकाळ टिकला.

आता त्या ‘पॅलिओ’ आहाराकडे वळू. वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकन वैद्याने १९७५ मध्ये अश्मयुगीन आहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोघा विद्वानांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात त्याला शास्त्रीय मांडणी दिली. आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन याच्या ग्रंथाने तो आहार लोकप्रिय केला. त्यांचे मूळ प्रतिपादन असे की मानवाचा देह लक्षावधी वर्षांच्या शिकारीत व वेचणीत घडला असून शेती ही अवघ्या दहा हजार वर्षांची असल्यामुळे धान्य पचविण्यास तो अद्याप सिद्ध झालेला नाही. म्हणून मांस, मासे, अंडी, फळे, भाज्या, कंद, कठीण कवचाची फळे, बिया आणि मध हे ग्राह्य. सर्व धान्ये, सर्व डाळी, दूध-दुभते आणि कारखान्यातली साखर वर्ज्य. या कसोटीला पातूरची मिठाई लावली तर गंमत होते. गहू नाही म्हणून जी सुटली होती ती बहुतेक सारी येथे अडकते: ज्वारी धान्य म्हणून बाद, शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला म्हणून चिक्की बाद, गोडी शेव बेसनामुळे बाद, आणि डिंकाचा लाडू तुपागुळामुळे निदान संशयित. उरतात ती सीताफळे, बोरे, टेंभुर्णीची फळे, मोहफूल, आणि गोडंबी-चारोळी-तीळ-खारीक मधात वळून केलेला लाडू, जो कोणी करीत असे असे ऐकिवात नाही, पण करून पाहावयास हरकत नाही.

प्रत्यक्ष अश्मयुगीन मनुष्य काय खात होता, याविषयी मात्र ग्रंथकारांनी दाखविलेली निश्चिती पुराव्याला पेलणारी नाही. आपल्याच जवळ, जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटणे येथे सत्तरीच्या दशकात झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व कोरीव तुकडे मिळाले. म्हणजे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी खानदेशच्या मनुष्याच्या परिसरात शहामृग वावरत होता. तेव्हा खऱ्या अर्थाने या देशीचा अश्मयुगीन आहार करावयाचा तर न्याहारीला शहामृगाचे अंडे शोधावे लागेल. दुसरीकडे, इटलीत तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर दळलेल्या वनस्पतींचे पिष्टकण सापडले आहेत आणि जॉर्डनमधील एका चुलीत शेतीच्याही चार हजार वर्षे आधीची, रानगव्हाची करपलेली भाकर मिळाली आहे. दळणे आणि भाजणे हे नांगराहून जुने आहे.

पण नांगरापूर्वीचे अन्न खावे ही कल्पना मात्र आपल्या लोकांना अमेरिकेकडून घेण्याची गरज नव्हती. वानप्रस्थाने नांगरलेल्या जमिनीत उगवलेले खाऊ नये, असा निर्बंध मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे. आणि ज्या बायकांनी मनूचे नावही ऐकलेले नसेल त्या भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, तोच निर्बंध पाळत आल्या आहेत. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही. परसात हाताने लावलेली भाजी, अळू, काकडी, कंद, आपोआप उगवलेल्या रानभाताचे तांदूळ, आणि बैल न लागता येते अशी समजूत असलेली भगर, एवढ्यावर दिवस काढावयाचा. पोळ्याला पुरणपोळीचा घास ज्या बैलाला भरविला त्याचे ऋण दुसऱ्याच पंधरवड्यात वर्षातून एक दिवस असे पोटाने मान्य करावयाचे, असा अर्थ मी तरी यातून घेतो. वऱ्हाडात या तिथीला आणखी एक महत्त्व आले आहे: शेगावच्या गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी ऋषिपंचमीलाच समाधी घेतली. घरात म्हातारी नांगराचे अन्न टाकून बसली आहे, आणि गावातली मंडळी ज्या महाराजांना ज्वारीची भाकर-झुणका प्रिय म्हणून त्याचाच नैवेद्य दाखवितात त्यांच्या दर्शनाला निघाली आहेत, असे दृश्य त्या दिवशी अकोल्याच्या पंचक्रोशीत पुष्कळ घरी असे. दोघांनाही यात विरोध दिसत नाही आणि मलाही दिसत नाही.

ज्याला आपण पुरातन म्हणून कवटाळतो त्या उपवासाच्या फराळाचा इतिहास तर फारच नवा निघतो. पातूरच्या टेकडीवर नवरात्रात रेणुकेला जाणाऱ्या उपवाशी भाविकाच्या पदरात राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याचे कूट, साबुदाणा, बटाटा, रताळे असते. यांतील शेंगदाणा, बटाटा आणि रताळे अमेरिका खंडातून आले. साबुदाणा करतात तो कसाव्याचा कंदही तेथलाच, आणि त्याचे कारखाने तामिळनाडूतील सेलमकडे १९४०च्या दशकात उभे राहिले. राजगिराही तेथलाच. मेक्सिकोचे ॲझ्टेक लोक त्याच्या पिठात मध किंवा घायपाताच्या जातीच्या एका वनस्पतीचा पाक मिसळून देवांच्या मूर्ती घडवीत व पूजेनंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांनी तो धर्मबाह्य आचार म्हणून मोडून काढला. तरी फुललेला राजगिरा पाकात घोळून केलेली वडी मेक्सिकोत आजही रस्तोरस्ती विकली जाते, आणि ती आपल्या वडीच्या शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही. आपला धर्मशास्त्री चतुर होता. जुन्या ग्रंथात जे धान्य म्हणून नोंदलेले नाही ते उपवासाला चालते, असा निर्णय त्याने दिला, आणि परदेशातून आलेल्या साऱ्या जिनसा त्या एका पळवाटेने थेट देवघरात पोचल्या. शिंगाडा मात्र आपला. विदर्भातल्या तळ्यांतून ढिवर-भोई पाण्यात उतरून तो काढतात, वाळवितात, आणि त्याच्या पिठाचा शिरा एकादशीला गव्हाच्या शिऱ्याची जागा घेतो.

ज्वारीही मूळची आफ्रिकेतली, पूर्व सुदानाकडची. फरक एवढाच की ती तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी आली आणि इतकी रुळली की तिला परकी म्हणणाऱ्यालाच लोक परका म्हणतील. तिचे आसन डळमळले ते कापसाने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडी रुईला न भूतो असा भाव दिला. त्याच दशकात आगगाडी अकोल्याच्या मैदानातून गेली. ज्वारीची शेते कापसाखाली गेली, पेवे आटली, आणि शेतकरी धान्यासाठी बाजाराचा ताबेदार झाला. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा हे उघडे पडले. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर उतरली. त्या वर्षी धान्यावाचून पाला आणि कंदमुळे खाऊन राहिलेल्या माणसांनी अश्मयुगीन आहारच केला होता. पथ्याच्या कैफात ज्यांना धान्य हे मानवजातीचे दुर्दैव वाटते त्यांनी ही आकडेमोड एकदा नजरेखालून घालावी.

पुढे स्वातंत्र्योत्तर काळात रेशनच्या दुकानांनी गहू खेडोपाडी पोचविला. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली आणि दुकानांतून अमेरिकेची तांबडी ‘मिलो’ आली. ती नाक मुरडून खाल्ली गेली, पण ती ज्वारीच होती, आफ्रिकेतून अमेरिकेत जाऊन जगाला वळसा घालून आलेली. १९६४ची पहिली संकरित ज्वारी, १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, आणि नंतर सोयाबीनची लाट, या क्रमाने शेताचे रूप बदलले. ज्या घरी पोळी सणाची होती तेथे ती रोजची झाली. ज्वारी महाग झाली, आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा तिचे गुणगान करणाऱ्या फलकांखाली तिची शेते मात्र विरळ होती.

गहू खरोखरच विष ठरतो अशी काही माणसे आहेत, आणि त्यांच्यासाठी ही चर्चा विनोदाची नाही. विलेम डिके या डच बालवैद्याला काही अतिसारी, खंगत चाललेल्या मुलांच्या बाबतीत गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा तो बळावला, आणि १९५० मध्ये त्याने आपला प्रबंध मांडला. सीलिॲक या विकारात गहू, जव आणि राय यांच्यातील तो चिवट अंश आतड्याच्या अस्तराचा नाश करतो, आणि त्यावर जन्मभर ते अन्न टाळणे एवढाच उपाय आहे. आपल्याकडे हा विकार गहू खाणाऱ्या उत्तर हिंदुस्थानात अधिक दिसतो. ज्यांना तो नाही त्यांनी गहू सोडण्यात आरोग्याचा विशेष लाभ आहे असे मला वाटत नाही. ज्वारी खावी ती तिच्या चवीसाठी आणि आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी.

परंतु ज्याला वैद्याने हे पथ्य सांगितले आहे अशा वाचकाने पातूर-अकोल्याच्या या जुन्या मिठाईवर विसंबताना दोन गोष्टी पाहाव्यात. बाजारातला बांधलेला हिंग बहुधा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो, तेव्हा शेव-फरसाणावर केवळ बेसन पाहून विश्वास टाकू नये. आणि ज्वारी, राजगिरा किंवा शिंगाडा दळावयास नेला तर गिरणीवाल्याला आपल्या आधी काय दळले ते विचारावे. आधी गहू दळलेला असेल तर जात्यात अडकलेले पीठ आपल्या डब्यात येते. घरी लहानसे जाते ठेवणे आणि त्यावर गहू कधीच न घालणे, हे सर्वांत निर्धोक.